मायेचा झोका

एका राज्यात सोमकेतू नावाचा राजा होता. राजा नेकीचा, राणी पद्मलता नेमाची. एकदा दरबारी एक मांत्रिक आला आणि त्यानं राजाला शिसवी झोपाळा नजर केला. झोपाळ्याचा गुण असा, की मायेच्या हातानं झोका दिला तर बसणाऱ्याचा शीण उतरे आणि त्याच्या कानी आईची अंगाई येई. राजाची आई लहानपणीच गेलेली. पहिल्या दिवशी अंगाई ऐकता ऐकता राजा रडला. झोका राणीनंच दिला होता. तिला वाटलं, किती बरं झालं.

तेव्हा राजा जेवणानंतर घटकाभर बसे. मग न्याहारीनंतर बसू लागला, मग न्याहारीआधी. पुढं दरबारच झोपाळ्याशी भरू लागला. फिर्यादी मागं-पुढं होणाऱ्या राजाला गाऱ्हाणी सांगत आणि मान अवघडून घरी जात. राणीचा खांदा भरून येई. पण हात थांबला की राजाचा चेहरा उतरे, म्हणून ती हात बदली आणि पुन्हा झोका देई.

एके सकाळी तिनं उंबऱ्याशी रांगोळी घातली. राजा घाईघाईनं रांगोळीवरूनच चालत गेला. एरवी राणी कुरकुरायची, "महाराज, जरा खाली बघून चाला." त्या दिवशी कुरकुरण्यासारखं काही झालंच नाही. रांगोळी होती तशीच होती. कणसुद्धा हलला नव्हता.

राणी तुळशीपाशी जाऊन बसली. वृंदावनाच्या कठड्यावर भारद्वाज पक्षी होता.

"बाई, दमलीस," तो म्हणाला.

"दमले."

"तो झोपाळा माणसाचं वजन पितो. शेवटचा थेंब प्यायला, की राजा वाऱ्यावर उडत मांत्रिकाच्या गुहेत जाईल. मग ना राजा तुझा, ना राज्य."

"ते म्हणतात, नुसता विरंगुळा आहे. मनात आणलं तर उद्या सोडीन."

"विरंगुळा की व्यसन, ते तीन गोष्टींनी कळेल. आवडीचं सोडायला सांग. लाडक्या माणसासाठी उठायला सांग. आणि शेवटी विचार, गोडी उरली का."

चातुर्मास लागला. त्या राज्याची रीत अशी, की चातुर्मासात प्रत्येकानं आवडीची एक गोष्ट सोडायची. राणीनं विचारलं, "महाराज, यंदा काय सोडणार?"

"कारलं."

"कारलं तुम्ही खाल्लंत कधी?"

"म्हणून तर नेम मोडायची भीती नाही."

"आवडीचं सोडायचं असतं."

"बरं, पडवळही सोडतो. आता झोका दे."

लेक इंदुलेखा माहेरपणाला आली होती. तिची ओटी भरली, पालखी दाराशी लागली. दर खेपेला राजा तिला वेशीपर्यंत पोचवी. राणी म्हणाली, "चला, पोर वाट बघतेय." राजा म्हणाला, "एवढा झोका संपला, की आलोच." लेकीनं पालखीचा पडदा पुन्हा पुन्हा बाजूला करून पाहिलं. मग पालखी वेशीबाहेर गेली. संध्याकाळी राजा म्हणाला, "वेशीपर्यंत जाऊन आलो. फार रडली पोर."

पालखी गेली तेव्हा वेशीपाशी राणी स्वतः उभी होती. तिनं हात बदलला आणि झोका दिला.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "महाराज, अंगाई अजून गोड लागते?"

कड्या करकरत होत्या.

"अंगाई कधीच थांबली," तो म्हणाला. "आता नुसत्या कड्या ऐकू येतात."

"मग बसता कशाला?"

"बसलं की बरं वाटतं असं नाही, राणी. उठलं की वाईट वाटतं, एवढंच."

कितीतरी दिवसांनी राजा खरं बोलला होता. राणीच्या मनात आलं, मीही यंदा मीठ सोडलं, दरवर्षीसारखं. मिठाची मला ओढ कुठं होती? ओढ आहे ती यांचा चेहरा उतरू न देण्याची. आपणही कारलंच सोडलं की.

तिनं हात काढून घेतला. "महाराज, माझा नेम बदलते. आजपासून झोका देणं सोडलं."

राजा रागावला. मग गयावया करू लागला, "शेवटचा एक दे."

"शेवटचा कालही होता."

झोपाळा मंदावला. खिडकीतून गुहेचा वारा शिरला आणि राजा पिसासारखा फळीवरून उचलला जाऊ लागला. "राणी, हात दे."

"हात देते. झोका देणार नाही." तिनं त्याचा हात घट्ट धरला आणि जमिनीवर बसली. "पाय इथं टेका. तो मला टेकवता येत नाही, तुमचा तुम्हीच टेकवायचा."

राजानं अंगठा टेकवला. भुई निखाऱ्यासारखी पोळली. तरी त्यानं टाच टेकवली. तशा कड्या तुटल्या, फळी दुभंगली, आणि प्यायलेलं वजन जिथल्या तिथं परतलं. मांत्रिकाच्या अंगी होतं ते चोरलेलं वजन, स्वतःचं कधी नव्हतंच. तो सावरीच्या कापसासारखा उडाला, तो पुन्हा दिसला नाही.

राजा मात्र एका दिवसात सुधारला नाही. त्याला झोप येईना. झोपाळ्याच्या रिकाम्या आकड्याखाली जाऊन तो उभा राही. राणी शेजारी पाट मांडून बसे आणि वाती वळी. मग एके दिवशी तो पायी लेकीच्या गावी गेला आणि वेशीची गोष्ट तिला खरी खरी सांगून आला. दरबार पुन्हा सिंहासनाशी भरू लागला.

कार्तिकातल्या एका सकाळी राणीनं रांगोळी घातली. राजा बाहेर पडला. राणीनं सवयीनं तोंड उघडलं, "महाराज, जरा खाली बघून..." आणि ती थांबली. रांगोळीच्या मधोमध टाच उमटली होती, चांगली खोल.

तिनं ती पुसली नाही. चिमूटभर रांगोळी घेतली आणि त्या पावलाभोवती ठिपके मांडले.

त्या राजाचा पाय भुईला लागला, तसा ज्याचा अधांतरी आहे त्याचा लागो. आणि झोके देऊन ज्यांचे खांदे भरून आले, त्यांना विसावा मिळो.