चुलीवरच्या झरोक्याची कहाणी

ऐका चूलमाते, तुमची कहाणी. आटपाट नगर, नगरात कोष्टीआळी. तिथं भानू कोष्टी राहत असे. त्याची बायको गिरजा, सून येसू आणि सहा महिन्यांची नात कृष्णी. मुलगा कापड घेऊन परमुलखी गेलेला.

घराला दार एकच. चुलीवर झरोका होता, तो भानूनं दगडमातीनं बुजवला. म्हणे, झरोक्यावाटे लक्ष्मी निघून जाते. मग काय झालं? धूर घरात कोंडला. गिरजेच्या डोळ्यांचं पाणी खळेना. येसूला खोकला जडला. कृष्णीची छाती घरघरू लागली, अंगावर पिईना. वैद्य झाले, अंगारे झाले, नवस झाले. गुण येईना.

श्रावणातला शुक्रवार आला. येसू पुरण शिजवीत होती. दाराशी एक म्हातारी सवाशीण आली. पिवळं लुगडं, कपाळी मळवट. येसूनं पाट मांडला, पायांवर पाणी घातलं. म्हातारी उंबऱ्याशी थबकली, ठसकली, मागं फिरली. येसू पाठोपाठ गेली, काय चुकलं म्हणून पुसलं.

म्हातारी म्हणाली, "पहिल्या शुक्रवारी आले, धुरानं परतले. दुसऱ्या शुक्रवारी आले, धुरानं परतले. आज तिसरा. जिथं तान्ह्या लेकराला श्वास मिळत नाही, तिथं मी कशी बसू?"

येसूनं लक्ष्मीला ओळखलं, पाय धरले. देवी म्हणाली, वसा सांगेन, पण उतशील, मातशील, टाकून देशील. येसू म्हणाली, उतत नाही, मातत नाही, घेतला वसा टाकीत नाही. मग देवीनं सांगितलं, "चुलीवर धुराला वाट करावी. ओलं लाकूड जाळू नये, उन्हात वाळवून लावावं. भांड्यावर झाकण ठेवावं. चूल पेटली की दार उघडावं, लेकरू ओसरीवर न्यावं." इतकं बोलून ती दिसेनाशी झाली.

येसूनं लेकराला ओसरीवर सासूपाशी दिलं, घरातली पहार उचलली. सासरा मागावर विणत होता. म्हणाला, झरोका फोडशील तर या घरात राहू नकोस. बाहेरून लेकराची घरघर ऐकू आली. ती म्हणाली, "मामंजी, लक्ष्मी जाईल म्हणून वाट बुजवली, ती तर आत यायची खोळंबलीय. मला घालवायचं तर घालवा. आधी माझ्या लेकीला श्वास घेऊ द्या."

पहिला घाव घातला, माती पडली. दुसरा घातला, दगड हलला. तिसरा घातला, उजेड आत आला. धूर उठला, झरोक्यातून भरभर बाहेर गेला.

भानू रागानं देवळात जाऊन बसला. येसूनं वसा नेमानं पाळला. तिसऱ्या दिवशी भूक लागली, तसा तो घरी आला. गिरजा ओसरीवर बसून सुईत दोरा ओवत होती. कृष्णी दूध पिऊन निजली होती. त्यानं वाकून तिच्या छातीशी कान नेला. घरघर नव्हती. म्हातारा कितीतरी वेळ तसाच वाकून राहिला. मग म्हणाला, "सूनबाई, चुकलो मी. पहार दे इकडं."

पहार घेऊन शेजारी गेला. शेजाऱ्यांकडून आळीत, आळीतून नगरात. कुणी नको म्हणालं तर नातीची गोष्ट सांगे, मग घाव घाली. दिवाळीच्या आत घरोघरी झरोके झाले. बायांचे खोकले गेले, लेकरं बाळसं धरू लागली, लक्ष्मी नगरात नांदू लागली.

जशी येसूला पावली, तशी ऐकणाऱ्या तुम्हां आम्हां पावो. कुणाच्या घरी धूर न कोंडो, कुणाचं तान्हं न घुसमटो. ही साठां उत्तरांची कहाणी पांचा उत्तरी सांगितली, मोकळ्या श्वासानं ऐकली, सुफळ संपूर्ण झाली.