खांदे अजून झोपलेत

"आणि पोर हातात असतानाच कंबर धरली तर, वस्ताद?"

या एका प्रश्नानं मृण्मयीची तीन रात्रींची झोप उडवली होती. सहा महिन्यांपूर्वी कुहूला उचलताना कंबरेत अशी काही कळ आली होती, की तेव्हापासून चार वर्षांच्या लेकीला तिनं कडेवर घेतलं नव्हतं. आज तालमीत घेते म्हणून लेकीला कबूल मात्र करून बसली होती, आणि कुहू भिंतीशी वाट बघत उभी होती.

इलाही वस्तादांनी नुसतं मातीकडे बोट केलं. पंच्याहत्तरी उलटली तरी रोज सकाळी ते तालमीत बायकांना कसरत शिकवत. प्रश्नांना उत्तर देण्याची घाई त्यांना कधीच नसे.

"बैठका मार."

बैठका झाल्या. घामानं निथळत मृण्मयी थेट मोठ्या लाकडी मुद्गलाकडे वळली.

वस्तादांनी लहान मुलांचा मुद्गल पुढे केला.

"हा? अहो, अंग मघाशीच गरम केलं की! मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, वस्ताद. एकदा रक्त फिरायला लागलं की..."

"फिरतंय?"

"सगळीकडे!"

"वा. मांडीवर हात ठेव बघू."

मांडी तव्यासारखी तापली होती.

"आता खांद्यावर."

खांदा मात्र गार!

जीवशास्त्राच्या बाईंनी हळूच हात काढून घेतला.

"सकाळी लेकीला शाळेसाठी कशी उठवतेस?"

"हाक मारते. पाठीवरून हात फिरवते..."

"झोपेतच दप्तर नाही अडकवत?"

"छे! भोकाड पसरेल ती."

"मग? पाय जागे झालेत, मास्तरीणबाई. खांदे अजून झोपलेत."

मृण्मयीला हसू फुटलं. तिनं निमूटपणे लहान मुद्गल दहादा फिरवला. मग मोठा उचलला. तो डोक्यामागून असा अलगद फिरून आला, की तिचा तिलाच विश्वास बसेना.

"जमलं! वस्ताद, जमलं की हो!"

त्याच भरात मुद्गल खाली ठेवून ती भिंतीशी उभ्या असलेल्या कुहूकडे हात पसरून धावली.

"ये गं माझी राणी, उचलते तुला!"

वस्तादांनी तिला थांबवायला हात वर केला, तोच...

कुहू एक पाऊल मागे सरकली. तिनं आईला नीट वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग आपल्या पिशवीतून छोटा कापडी हत्ती काढला आणि आईच्या पायाशी ठेवला.

"आधी हत्ती उचल. मग मी."