कुंभारणीची मडकी आणि ओली भिंत

एक होती कुंभारीण. मातीची मडकी बांधणारी इवलीशी माशी. काकूंच्या स्वयंपाकघरात, भिंतीवर, तिने तीन मडकी बांधली. प्रत्येक मडक्यात एक बाळ निजवले.

एके दिवशी एक मडके विरघळले. आतले बाळही गेले. कुंभारीण फार रडली.

दोन मडकी उरली. तीही ओली होऊ लागली.

कुंभारीण म्हणाली, "भिंतीबाई, तू सुक."
भिंत म्हणाली, "माझ्या पोटातला पाइप थांबेल, तर मी सुकेन."

गूं गूं, गूं गूं. कुंभारीण फटीतून पाइपाकडे गेली.
"मडके माझे विरघळले,
भिंत काही सुकेना.
पाइपदादा, तू थांब."
पाइप म्हणाला, "नळ बंद असला, तरी मी गळतो. टिप टिप. यासीनचाचा मला जोडतील, तर मी थांबेन."

गूं गूं, गूं गूं. यासीनचाचा नळ दुरुस्त करत. कुंभारीण त्यांच्याकडे गेली.
"मडके माझे विरघळले,
भिंत काही सुकेना,
पाइप काही थांबेना.
यासीनचाचा, तुम्ही या."
चाचा म्हणाले, "न बोलावता कोणाची भिंत कशी फोडू, बेटी? काकू बोलावतील, तर मी येईन."

गूं गूं, गूं गूं. काकू भाजी निवडत होत्या.
"मडके माझे विरघळले,
भिंत काही सुकेना,
पाइप काही थांबेना,
चाचा काही येईनात.
काकू, तुम्ही बोलवा."
काकू हसल्या. "तुझी मडकीच कच्ची असतील, बाई. भिंतीवर ओल दिसेल, तर मी बोलावीन."

ओल कशी दिसणार? पाहुणे येणार होते, म्हणून काकूंनीच ओलीच्या डागावर कॅलेंडर लावले होते.

गूं गूं, गूं गूं.
"मडके माझे विरघळले,
भिंत काही सुकेना,
पाइप काही थांबेना,
चाचा काही येईनात,
काकूंना ओल दिसेना.
कॅलेंडरभाऊ, तू हल."
कॅलेंडर म्हणाले, "खिळा मला सोडेल, तर मी हलेन."

गूं गूं, गूं गूं.
"मडके माझे विरघळले,
भिंत काही सुकेना,
पाइप काही थांबेना,
चाचा काही येईनात,
काकूंना ओल दिसेना,
कॅलेंडर काही हलेना.
खिळेदादा, तू सोड."

खिळा ओलीने गंजला होता. तो हळूच म्हणाला, "मी निसटलो, तर मला पुन्हा कोणी ठोकणार नाही."
कुंभारीण आपल्या मडक्यांकडे वळली.

तेवढ्यात दुसरे मडके विरघळले.
खिळ्याने ते पाहिले.

खिळा निसटला. टण्.
कॅलेंडर पडले. फट्.
काकूंना ओल दिसली. त्यांनी हात लावला. भिंत गार लागली.
"मीच झाकून ठेवली होती," काकू म्हणाल्या.

काकूंनी चाचांना बोलावले. कुंभारणीचे घर तेवढे मोडू नका, असे सांगितले. चाचांनी जपून भिंत फोडली. ठक ठक. पाइप जोडला. पाइप थांबला. भिंत हळूहळू सुकली.

खिळा केरात गेला. भिंतीवर एकच मडके उरले.

पुष्कळ दिवस कुंभारीण त्याच्याजवळ बसून राहिली. मग एका दुपारी मडक्याला भोक पडले. आतून बाळ बाहेर आले.
बाळ म्हणाले, "गूं."
कुंभारीण म्हणाली, "गूं गूं."