कातरीनबायची झोप

फार वर्षं झाली त्याला. तेव्हा आपल्या आगरवटच्या केळीच्या वाड्यांतून रहाट करकरायचे, आणि गावच्या क्रूसाला छप्परही नव्हतं. त्या काळी इथं कातरीनबाय नावाची एक बाई राहायची. तिच्याइतकं दमलेलं माणूस गावात पुन्हा झालं नाही, असं म्हणतात.

तिचा नवरा गलबतावर गेला तो परत आलाच नाही. मागे राहिली केळीची वाडी, रहाटाचा म्हातारा रेडा आणि सहा वर्षांची लेक, रेजिना. पहाटे रेड्यामागे गोल गोल चालायचं, उन्हात केळीची पानं कापून बाजारात न्यायची, परतल्यावर भात कांडायचा. कातरीनबाय चालता चालता झोपायची आणि रेडा तिला वळणावर नीट वळवून आणायचा, असं म्हणतात. बसली की मात्र संपलंच.

एका उन्हाळ्यात रेजिनाला ताप भरला. तो उतरेचना. पोरगी वाळत वाळत काठीएवढी झाली. वैद्य म्हणाला, "आता माझ्याकडं काही नाही." मग कातरीनबायनं नवस बोलला. मे महिना मारिया मातेचा. महिनाभर रोज तिन्हीसांजेला क्रूसापाशी बसून रोझरीची अख्खी माळ म्हणेन, एकही मणी चुकवणार नाही, माझी पोर मला ठेव.

पण रोझरी सांगायचे, म्हणजे पुढं होऊन सगळ्यांकडून म्हणवून घ्यायचे, ते गावचे म्हातारे बस्त्यावबाबा. त्यांचा आवाज असा संथ, की जागी माणसंही डुलायची. कातरीनबाय पोरीला कडेवर घेऊन यायची, चटईवर निजवायची, माळ हातात घ्यायची, आणि अर्ध्यावर पोचायच्या आत तिची मान छातीवर पडायची.

शेजारची रोसाबाय तोंडानं तिखट. ती म्हणायची, "काय गो कातरीन, देवाला माळ देतेस की घोरणं?"

सगळे हसायचे. कातरीनबायही कसंनुसं हसायची, आणि घरी जाऊन रडायची.

तिनं काय काय केलं नाही! दाढेखाली मिरी धरली. गुडघ्यांखाली खडे घेतले. एकदा उभ्यानं म्हणायला लागली, तर क्रूसाला टेकून उभीच झोपली. बस्त्यावबाबा कडक माणूस. ते म्हणाले, "नवसाची माळ अर्धी राहिली तर नवस लागत नाही, कातरीन. मी तरी काय करू?"

हे ऐकल्यापासून तिच्या मनानं घेतलं, की पोर तापानं नाही, आपल्या झोपेनं मरतेय.

महिन्याची शेवटची संध्याकाळ आली. त्या दिवशी रेजिनानं डोळेही उघडले नव्हते. कातरीनबायनं तिला मांडीवर घेतलं, माळेचा पहिला मणी धरला आणि वर न बघताच म्हणाली, "देवा, आज तरी जागी ठेव. नाहीतर तूच धर ही माळ. माझ्यात काही उरलं नाही रे."

एवढं बोलली, आणि दुसरी प्रार्थना संपायच्या आत झोपली. माळ हातातून घसरली.

आता कुणी हसलं नाही.

यापुढचं दोन तऱ्हांनी सांगतात. जुनी माणसं म्हणतात, ती माळ जमिनीला लागलीच नाही. मधल्यामध्ये थांबली आणि तिचे मणी एकामागून एक आपोआप सरकू लागले. रोसाबाय मात्र मरेपर्यंत सांगायची, "आपोआप कसली? मी झेलली. जिथं तिचा अंगठा होता तिथूनच पुढं म्हटली. पण खरं सांगू? बोटं माझी नव्हती गो. माझी बोटं एवढी हळू कधी चाललीच नाहीत."

तेवढ्यात कातरीनबायच्या वाडीतून, जिथं त्या वेळी कुणीच नव्हतं, रहाटाचा आवाज आला. कुणी धावत जाऊन पाहिलं, तर रेडा खाली बसून रवंथ करतोय आणि रहाट आपला फिरतोय. पाणी शेवटच्या केळीपर्यंत पोचलं होतं, असं म्हणतात.

माळ पुरी झाली. सगळ्यांनी मिळून एवढ्या मोठ्यानं "आमेन" म्हटलं, की रेजिनानं डोळे उघडले. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला ना. माझी आई झोपलीय."

मग कोण बोलणार? कोण उठणार? अख्खं गाव तिथंच बसून राहिलं. बायकांनी अंगावरच्या पांढऱ्या शाली काढून तिच्यावर घातल्या. रोसाबायनं घरून पेज आणली आणि पोरीला चमच्यानं भरवली.

सकाळी कातरीनबाय दचकून उठली. "माझी माळ! माझी माळ राहिली!"

"झाली," बस्त्यावबाबा म्हणाले.

"कुणी म्हटली?"

रोसाबाय उगाच पदराचं टोक पिळत बसली. कातरीनबायनं पोरीच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. तिनं अंगावरच्या शाली पाहिल्या, पेजेचं रिकामं भांडं पाहिलं, रात्रभर जागून लाल झालेले सगळ्यांचे डोळे पाहिले.

"म्हणजे देव इथंच होता," ती म्हणाली. "आणि मी महिनाभर त्याला डोळे ताणून शोधत होते."

त्यानंतर तिची दमणूक संपली असं नाही बरं का. रहाट सुटला नाही, पानं कापायची थांबली नाहीत. पण ती झोपेला कधी भ्याली नाही. आणि पहाटे घागर उचलायला कुणाचा हात लागला, कुणी वाटेत पाणी पाजलं, की ती हळूच क्रूसाची खूण करायची, असं म्हणतात.

रेजिना मोठी झाली, तिला नातवंडं झाली, तीही गेली. आता रहाट नाहीत, वाड्याही थोड्या उरल्यात. पण आगरवटच्या क्रूसापाशी मे महिन्यात अजून माणसं जमतात. कुणी कामावरून येतं, कुणी दवाखान्यातल्या माणसापाशी दिवसभर बसून येतं. तिथं डुलक्या घेणाऱ्याला उठवत नाहीत. शेजारी बसलेलं माणूस त्याच्या हातातून माळ घेतं, अंगठा होता त्या मण्यापासून पुढं म्हणतं, आणि संपली की गुपचूप परत ठेवतं. कुणी म्हटली, हे सांगायचं नसतं आणि विचारायचंही नसतं.

आणि पहिला मणी धरण्याआधी, रोझरी सांगणारं जे कुणी असेल ते सगळ्यांकडं बघून म्हणतं, "कातरीनबायच्या नावानं, दमलेल्यांनी खुशाल निजावं. माळ पुढं जाईल."