येसाईचं निरगुडीचं बन

फार मागची गोष्ट आहे बरं का. किती मागची? माझ्या पणजीलाही ती तिच्या आजीकडून ऐकूनच ठाऊक होती, आता करा हिशेब. तेव्हा आडवण गावात येसाई नावाची सुईण होती. गावातलं प्रत्येक पोर आधी तिच्या हातात यायचं, मग आईच्या कुशीत जायचं. आभाळ फाटल्यागत गडगडत असलं तरी येसाईच्या मांडीवर पोर रडायचं थांबायचं, असं म्हणतात.

गावाची एक रीत होती. बारशाला सुईणीनं ओढ्याकाठच्या निरगुडीचा एक सरळ फोक, म्हणजे छडीसारखी बारीक फांदी, तोडून त्या घराला द्यायचा. घरच्यांनी तो चुलीवरच्या आढ्याला खोचून ठेवायचा, पुढे पोराला वळण लावायला. बदल्यात सुईणीला खण-नारळ. येसाईच्या आईनं असे फोक दिले, येसाईनंही दिले. मार खाल्लेल्या पोराची सूज शेकायला त्याच निरगुडीचा पालाही तीच द्यायची, आणि यात तिला कधी काही खटकलं नव्हतं.

त्याच गावात रखमाजीची लेक होती, गोजरा. काय बडबडी पोर! कोंबड्यांशी बोलायची, वाटेवरच्या दगडाशी बोलायची. येसाई अंगणात पाऊल टाकते न टाकते तोच तिला गावभरची खबर द्यायची. येसाईचा फार जीव तिच्यावर. एकदा या गोजरानं वासराचं दावं सोडलं. वासरू सगळं दूध पिऊन बसलं, आणि नेमके घरी पाहुणे. रखमाजीनं रागाच्या भरात आढ्याचा जुना फोक ओढला आणि पाहुण्यांसमोर पोरीला फोडून काढलं.

त्या दिवसापासून गोजरा बोलायची बंद झाली.

वळ थोड्या दिवसांत गेले. पण कुणी डोकं खाजवायला हात वर केला तरी पोर अंग चोरायची. अंथरूण ओलं करायला लागली. एकेक शेळी नावानं ओळखणारी ती, आता काही विचारलं तर नुसती बघत राहायची. बापाला वाटलं, चला, शहाणी झाली. पण एक दिवस येसाई गोठ्यामागं गेली तर काय बघते! गोजरा चिंध्यांची बाहुली मांडीवर घेऊन बसलेली, आणि हातातल्या काडीनं तिला सटासट मारत होती. ती तडक रखमाजीपुढे जाऊन उभी राहिली.

"मी बी मार खाऊनच मोठा झालो, येसाई," रखमाजी म्हणाला. "माझं काय वाईट झालं?"

"तुझ्या बापाची आठवण आली, की पयलं काय आठवतं तुला?"

रखमाजीचा हात आपसूक स्वतःच्या पाठीकडे गेला. बापानं त्याला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती, तापात मांडीवर घेऊन जागला होता. पण आधी आठवला तो फोक.

"त्योच ह्यो फोक," येसाई म्हणाली. "तुझ्या बारशाला मीच दिला व्हता. माझी चूक झाली, रखमा. आण इकडं."

तिनं तो फोक ओढ्याकाठी नेऊन रोवला. गाव हसलं. इतकी वर्षं धुरात वाळलेली काठी, ती काय फुटणार कपाळ! येसाईनं रखमाजीला सांगितलं, रोज हिला पाणी घालायचं, आणि दिवेलागणीला निरगुडीचं पान गरम करून लेकीची पाठ शेकायची. वळ तर कधीच गेले, असं तो म्हणाला. "वरचे गेले," एवढंच येसाई बोलली.

रखमाजी तव्यावर पान गरम करायचा आणि तळहातावर धरून बसायचा. गोजरा भिंतीला चिकटून उभी. तिला ओढायचं नाही, हे येसाईनं बजावलं होतं. पान निवायचं, तो पुन्हा गरम करायचा. असे कितीतरी दिवस गेले. एका संध्याकाळी पोर दोन पावलं पुढं आली. पुढं एकदा त्याच्यासमोर पाठ करून बसली. रखमाजीला अशी घाई झाली, की पान पुरतं निवायच्या आतच त्यानं ते टेकवलं.

"बा, चटका बसतोय की मला!" गोजरा त्याच्यावर खेकसली. मग म्हणाली, "आन् त्ये वासरू उपाशी व्हतं."

बाप माणूस, पण ढसाढसा रडला. हसतही होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी घालायला गेला, तर त्या वाळक्या फोकाला हिरवीगार पालवी, असं म्हणतात. मग काय, घराघरातून फोक निघाले आणि ओढ्याकाठी रोवले गेले, आणि येसाईनं डोळे मिटायच्या आधी तिथं बन झालं.

ते बन अजून आहे. पाला हवा तेवढा न्या, पण फोक तिथला कुणी तोडत नाही. आडवणात बारशाला बाप निरगुडीचं पान गरम करतो, आधी स्वतःच्या गालाला लावून बघतो आणि मग बाळाच्या पाठीला टेकवतो. आणि कुणाचा पोरावर हात उगारला गेलाच, तर शेजारीपाजारी त्याच्या हातात घागर देतात. म्हणतात, जा, येसाईच्या बनाला पाणी घालून ये. परत आलं की पोराजवळ बसायचं आणि काय झालं होतं ते विचारायचं, अशी तिथली रीत आहे. मग पोर सांगतं. बहुतेक वेळा कुठलं तरी वासरू उपाशी असतं.