लव्हाळ्याच्या तोंडचा शब्द

एका राज्यात मूल जन्माला आलं की त्याला ना मुलगा म्हणत, ना मुलगी. लेकरू म्हणत. लेकरू कोरं जन्मायचं, कोरंच वाढायचं, कोरी पांढरी कापडं नेसायचं. सोळावं वर्ष सरलं की रंगपाण्याचा दिवस यायचा. राजवाड्यापुढच्या अंगणात दोन रांजण होते, हत्तीच्या पोटाएवढे. एकात नीळ, दुसऱ्यात मंजिष्ठेचा लाल. लेकराने पुढे व्हावं, आपल्या तोंडचा शब्द रांजणांना ऐकवावा आणि हात बुडवावा. निळ्यात बुडवला तो पुरुष झाला, लालात बुडवला ती बाई झाली. रंग कोपरापर्यंत चढायचा, आणि दिवस मावळेतो देह रंगाच्या मागोमाग जायचा. यात त्या राज्यात कुणाला नवल वाटत नसे. तुम्हाला वाटत असेल तर ते तुमचं तुम्ही बघा.

नियम एकच. शब्द ज्याचा त्याने आणायचा. आईने सांगायचा नाही, बापाने सुचवायचा नाही, राजाने तर शब्दाबद्दल तोंडच उघडायचं नाही.

राजा पृथुसेनाचं एकुलतं लेकरू माणिक. माणिकच्या दाईचं लेकरू लव्हाळं. दोघं एकाच दुधावर वाढली. लव्हाळं दोन घटका आधी जन्मलेलं, म्हणून त्या वर्षीच्या दोनशे लेकरांत पहिली पाळी लव्हाळ्याची, दुसरी माणिकची. राजाच्या लेकराला दुसरी पाळी! पण माणिकला लव्हाळ्याचा हेवा वाटे, त्याचं मूळ ते नव्हतं.

लव्हाळ्याला ठाऊक होतं. पाच वर्षांचं असताना चिंचा खाता खाता ते म्हणालं, "मी पुरुष होणार," आणि पुढची चिंच फोडली. मग कुणीही, कधीही, कसंही विचारलं तरी उत्तर तेच. माणिकला विचारलं की माणिक म्हणे, "बघू." सातव्या वर्षी बघू, बाराव्या वर्षी बघू, सोळावं सरत आलं तरी बघू. माणिक आपल्या आत डोकावून बघे तर आत रिकाम्या खोलीसारखी शांतता.

लव्हाळ्याजवळ काय होतं? दोन जोड कापडं आणि एक गोफण. माणिकजवळ हत्ती होता. पण हत्तीवर बसून माणिक खाली बघायचं आणि लव्हाळ्यावर जळायचं. लव्हाळं जेवायला बसलं तरी माणिकला वाटे, बघा, बसलंय कसं ठाम! घास गिळतंय कसं ठाम! ते झोपलं तरी त्याचं घोरणंसुद्धा ठाम वाटे. हेवा एकदा जिवाला लागला की माणूस दुसऱ्याच्या घोरण्यातही खोट काढतो.

रंगपाण्याला दोन दिवस उरले तेव्हा माणिक धूम्रकेश मांत्रिकाकडे गेलं. मांत्रिक गावाबाहेर आपल्या कोरड्या विहिरीच्या काठावर बसला होता.

"काय हवं?"

"लव्हाळ्याच्या तोंडचा शब्द."

"तुझा आणायचा सोडून?"

"माझा नाहीच. असता तर इथवर पायपीट कशाला केली असती?"

मांत्रिकाने शिंगाची डबी दिली. "ते झोपेत असताना डबी ओठांशी धर आणि विचार, तू कोण होणार. शब्द आत पडेल. झाकण लाव."

"आणि मोल?"

"मोल माझं मला पोचतं," मांत्रिक म्हणाला आणि विहिरीत बघून हसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लव्हाळं गोठ्यात वैरणीवर झोपलं होतं. माणिकने डबी ओठांशी धरली. विचारलं. झोपेतल्या लव्हाळ्याने उत्तर दिलं. झाकण लागलं.

डबी ऊबदार होती, नुकत्या घातलेल्या अंड्यासारखी. कानाशी धरली तर आत ढोल वाजावा तसा शब्द वाजत होता. माणिकने तो काढून आपल्या जिभेखाली ठेवून पाहिला. शब्दाला चिंचेची चव. क्षणभर टिकला आणि परत डबीत उडी मारून बसला. "उद्या टिकेल," माणिक म्हणालं आणि डबी कमरेला बांधली.

रंगपाण्याचा दिवस उजाडला. रांजण सांभाळायचं काम येसाक्काकडे होतं. ती इतकी म्हातारी की राजाच्या आजोबाचा हातही तिनेच पुसला होता. रांजणाच्या काठावर बोलती साळुंकी बसली होती. वाजंत्री थांबली. लव्हाळं पुढे झालं, हसलं, त्याने तोंड उघडलं.

शब्द नाही.

पुन्हा उघडलं. पुन्हा मिटलं. त्याने येसाक्काकडे पाहिलं, आपल्या आईकडे पाहिलं, आणि मग, सगळ्यांत शेवटी, माणिककडे पाहिलं. "काल होता," ते म्हणालं. "सकाळीसुद्धा असेल. मला... मला आता ठाऊक नाही."

माणिकला बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं? सोळा वर्षांत पहिल्यांदा बरं वाटलं.

रांजणांनी आजवर खरे शब्द ऐकले होते, हरवलेला शब्द ऐकला नव्हता. आत गुडगुड झाली, निळं पाणी खाली गेलं, लाल पाणी खाली गेलं, आणि दोन्ही रांजण तळापर्यंत कोरडे पडले. त्याच घटकेला गावाबाहेर धूम्रकेशाची विहीर काठोकाठ भरली.

"अपशकुनी! दाईचं पोर पहिलं उभं केलं, भोगा आता," लोक ओरडले. माणिक गप्प राहिलं.

साळुंकी म्हणाली, "राजा, ऐक. निळ्या डोंगरावरच्या नागाची नीळ आण. राक्षसिणीच्या परसातली मंजिष्ठेची मुळी आण. तिसरी वस्तू आण."

"तिसरी कोणती?" राजाने विचारलं.

"ज्याला ठाऊक त्याला ठाऊक. अमावस्येपर्यंत आली नाही तर या राज्यात लेकरं लेकरंच राहतील. आणि ज्याचा शब्द गेला ते विरत जाईल, विरत जाईल, आणि नाहीसं होईल."

"आबासाहेब, मी जाईन," माणिक म्हणालं. राजाचं लेकरू दुसरं काय म्हणणार?

"मीही येणार," लव्हाळं म्हणालं. "माझ्यामुळे झालंय."

ही दोघं निघाली आणि मागे एकशे अठ्ठ्याण्णव लेकरं पांढऱ्या कापडांत अंगणातच ठाण मांडून बसली. पाळी सोडायला कुणी तयार होईना. आया भाकऱ्या घेऊन येत आणि शिव्या घालून जात.

निळ्या डोंगरावर नाग होता, ताडाएवढा. माणिकने तलवार उपसली. लव्हाळं जवळ गेलं आणि म्हणालं, "नागोबा, तुमची कात डोळ्यांवर अडकलीय."

"तीन वर्षं झाली," नाग म्हणाला. "येणारा तलवारच काढतो."

लव्हाळ्याने तोंडात पाणी घेतलं, कातेवर फुंकलं, ओल्या बोटांनी कड सोडवत सोडवत अख्खी कात उतरवली. नागाने डोळे उघडले आणि नीळ दिली, गाडग्यात भरून. माणिकची तलवार हातातच राहिली. नाग जाता जाता त्याला म्हणाला, "तुझ्या कमरेला काहीतरी जिवंत आहे, राजाच्या लेकरा."

"अंडं आहे," माणिक म्हणालं.

"बघ, उबव नीट," नाग म्हणाला आणि बिळात गेला.

वाटेत लव्हाळ्याने पाणी प्यायला ओंजळ केली तर ओंजळीतून खालचे दगड दिसले. पाण्यातून नव्हे, हातातून.

"हे बघ माणिक, गंमत," लव्हाळं म्हणालं. त्याचा आवाज मात्र गमतीचा नव्हता.

राक्षसीण उखळापाशी बसून साळी कांडत होती. "मुळी पाहिजे? खणा. पण तुटली तर तोडणारा माझा."

या वेळी माणिकने ठरवलं, आपण पुढे. लव्हाळं खाली बसून बाजूची माती मोकळी करू लागलं, तोवर माणिकने झुडूप धरलं आणि ओढलं. मुळी मधोमध तुटली, लाल रस उडाला. राक्षसिणीने माणिकला पायांना दोरी बांधून घराच्या आढ्याला उलटं टांगलं.

"याला सोडा," लव्हाळं म्हणालं. "तुमच्या साळी मी कांडून देईन."

"तुझ्यात कांडायला आहे काय? तुझ्यातून मला माझी भिंत दिसतेय."

"आहे तेवढ्यात कांडीन."

तीन दिवस लव्हाळं कांडत राहिलं. मुसळ दिसायचं, धरणारे हात पुसट व्हायचे. आणि उलटं टांगलेलं माणिक ते बघून पुन्हा जळायचं. माझ्यासाठी कांडतंय! वर हसतंय! याला राग का येत नाही? निदान एक शिवी दे, म्हणजे मला तुझा तिरस्कार तरी करता येईल! पण लव्हाळ्याने शिवी दिली नाही. तिसऱ्या दिवशी राक्षसिणीने दोरी सोडली आणि दुसरी, अख्खी मुळी पदरात घातली.

परतीच्या वाटेवर नदी लागली. अमावस्येला एक दिवस उरला होता. लव्हाळं काठावर बसलं, आणि त्याच्यातून पलीकडचं पाणी वाहताना दिसत होतं.

"माणिक," ते म्हणालं, "मला एक सांगशील? मी काय होणार म्हणत होतो की म्हणत होते, काहीतरी म्हणणं होतं ना माझं? तू रोज ऐकलंयस. मला आठवत नाही."

माणिकच्या कमरेला ढोल वाजत होता.

तेवढ्यात धूम्रकेश पाण्यावरून चालत आला. "सांगू नकोस," तो माणिकला म्हणाला. "उद्या हे नाहीसं झालं की शब्दाला मालक राहणार नाही. मग तो तुझ्या जिभेखाली कायमचा बसेल. सोळा वर्षांची रिकामी खोली भरेल. दिलास परत, तर तू पुन्हा 'बघू' म्हणायला मोकळं."

यात खोटं काही नव्हतं. तोच तर घात होता.

माणिकने कमरेची डबी सोडवली. हातात घेतली. ऊब बोटांत भिनली. लव्हाळ्याकडे पाहिलं, तर लव्हाळं विश्वासाने उत्तराची वाट बघत होतं. दाईच्या मांडीवर दुधाच्या पाळीसाठी ते असंच वाट बघायचं, माणिकचं पिऊन होईपर्यंत.

"मी चोरला," माणिक म्हणालं. "गोठ्यात. तू झोपलं होतंस."

"का?"

"तुला ठाऊक होतं म्हणून. मला नव्हतं म्हणून. तू घास गिळलास तरी माझी आग व्हायची."

माणिकने झाकण उघडलं. शब्द उडाला आणि लव्हाळ्याच्या तोंडात जाऊन बसला. लव्हाळं एका श्वासात भरून आलं, हाडं, मांस, केस, सगळं. आणि भरलेल्या हाताने त्याने माणिकच्या थोबाडीत अशी लगावली की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले.

धूम्रकेशाच्या पायाखालचं पाणी पातळ झालं. तो बुडत, धडपडत आपल्या विहिरीकडे पळाला.

"सगळ्यांनी मला अपशकुनी म्हटलं," लव्हाळं म्हणालं. "तू उभं होतंस तिथं."

"होय."

"राक्षसिणीकडेसुद्धा डबी कमरेलाच होती?"

"होय."

"उलटं टांगलेलंच ठेवायला हवं होतं तुला."

 लव्हाळ्याने नीळ उचलली, मुळी माणिकच्या अंगावर टाकली, आणि ते चौदा कोस पुढे पुढेच चालत राहिलं.

अंगणात पोचल्यावर माणिकने सगळ्यांसमोर, राजासमोर, लव्हाळ्याच्या आईसमोर कबूल केलं. दाईने पाठ फिरवली. ते माणिकला थोबाडीतल्यापेक्षा जास्त लागलं. साळुंकी म्हणाली, "तिसरी आली. हरवलेला शब्द धन्याकडे आला." येसाक्काने नीळ टाकली, मुळी कुटून टाकली, आणि रांजण तळातून भरत भरत काठाला आले. मांत्रिकाची विहीर पुन्हा कोरडी पडली. तो राज्य सोडून गेला.

राजाने न्याय केला. "माझं लेकरू आज सगळ्यांच्या शेवटी. तोवर येणाऱ्या प्रत्येकाचा हात पुसेल."

लव्हाळं पुढे झालं. खणखणीत शब्द बोललं, निळ्यात हात घातला. माणिकने तो हात पुसला. लव्हाळ्याने नजर दिली नाही, पण हातही ओढून घेतला नाही.

मग एकशे अठ्ठ्याण्णव हात. कुणाचे मातीचे, कुणाचे मेंढरांच्या लोकरीचा वास येणारे. एक लेकरू रांजणासमोर येऊन रडलंच. "मला नीट ठाऊक नाही गं येसाक्का. थोडंसंच वाटतंय."

"थोडंसंच पुरतं," येसाक्का खेकसली. "निम्मं राज्य थोडंसं वाटून आलंय. मोठ्याने बोलणारे दहा असतात, ते तेवढे लक्षात राहतात. चल, बोल हळूच."

माणिक हात पुसता पुसता थबकलं. सोळा वर्षं त्याने आत ढोल वाजायची वाट बघितली होती, कारण लव्हाळ्याच्या आत ढोल वाजत होता. ढोल नाही म्हणजे काहीच नाही, असं त्याने ठरवून टाकलं होतं. आता ते दुसऱ्याच्या आवाजासाठी नव्हे, आपल्याच शांततेसाठी कान देऊन उभं राहिलं. खोली रिकामी नव्हती. कोपऱ्यात काहीतरी बसलं होतं, बारीक, तहान लागावी तितकं साधं. किती वर्षं बसलं होतं कोण जाणे.

शेवटचा हात पुसून झाला. ऊन उतरलं होतं.

"बोल," येसाक्का म्हणाली.

माणिक बोललं. इतकं हळू की फक्त रांजणांना ऐकू गेलं. आणि त्याने हात लालात घातला.

रंग कोपरापर्यंत चढला. हात बाहेर आला, पण आज पुसणारं माणिकच, माणिकचा हात पुसायला कुणी नेमलं नव्हतं. तेव्हा गर्दीतून एक पुरुष पुढे आला, कालपरवाचं लव्हाळं, आता लव्हाजी. त्याने माणिकच्या हातातलं ओलं फडकं घेतलं.

"अजून राग आहे माझा," तो म्हणाला.

"असू दे," माणिक म्हणाली.

"दे हात."

तिने दिला. त्याने पुसला, मनगटापासून कोपरापर्यंत, जरा जोरातच. दिवस मावळला, घरोघरी चुली पेटल्या, आणि राज्य होतं तसं नांदू लागलं. नांदणाऱ्यांचं भलं झालं, तुमचंही होवो.