तोंड नसलेली जाईराणी

"ही जाईराणी कशावरून?" रवळूआबांनी विचारलं.

यशोधननं चित्र आणखी वर धरलं. "डोळे बघा ना, आबा. पापणीन् पापणी मोजून घ्या. अगदी जिवंत बाईसारखी बाई आहे."

ते खरंच होतं. पोरगा शहरातल्या चित्रशाळेतून शिकून आलेला. त्यानं भिंतीवर काढलेल्या आंब्यावर कावळे चोच मारत. एकाची चोच तर अजून वाकडी आहे म्हणतात.

आबा देवळात चित्रं दाखवत गोष्टी सांगायचे. चित्रांचा तो जुना गठ्ठा म्हणजे त्यांची पोथी. उद्या देवळात पोथी घेऊन आपण बसावं, आणि वनवासातल्या जाईराणीचं जुनं पान काढून आपलं घालावं, एवढंच यशोधनला हवं होतं. त्यासाठी तो तीन वर्षं आबांकडे रंग घोटत होता.

आबांनी अंगण झाडणाऱ्या तानूबायला हाक मारली. "बघ गो, कोण ही?"

"अगे बाय! ह्यां तर आमच्या शिंप्याचां कुसुम!" तानूबाय चित्राशीच बोलू लागली. "लगीन ठरलां काय गे तुझां?"

यशोधन कानापर्यंत लाल झाला.

आबांनी जुनं पान काढलं. रंग उडालेला. राणीच्या तोंडाच्या जागी समईच्या तेलाचा डाग.

"आणि ही?"

तानूबायनं केरसुणी खाली ठेवली. "बाय माझी... रानात अजून उपाशीच फिरता." तिनं पदर डोळ्यांना लावला.

"अहो, पण हिला तोंडच नाही!"

"नाही खरं," आबा म्हणाले.

यशोधन हट्टाला पेटला. "म्हणजे सारखेपणाला किंमत नाही. तुम्ही म्हणाल ती राणी! उद्या भोपळा म्हणालात, तर भोपळा?"

आबांनाही गंमत वाटली. त्यांनी डागावर बोट ठेवलं. "तानूबाय, हा भोपळा."

"आबानू, ऊन लागलां काय तुमका? भोपळो कधी रडता?"

यशोधन मटकन खाली बसला. "सारखेपणानं होत नाही. सांगूनही होत नाही. मग ती राणी या कागदावर येते तरी कुठून?"

आबांनी पोथी उचलली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. तेच जुनं पान उभं, राणीची बाजू तानूबायकडे.

"उद्या तू बैस. आता सुरुवात कर."

यशोधननं पानाकडे पाहिलं. पोथीतली चित्रं पाठीला पाठ चिकटवलेली. त्याच्या बाजूला होता वाघ, चांगला मिशा फेंदारलेला.

"आबा, माझ्याकडे तर वाघ आलाय."

"माझ्याकडेही तोच असतो. चाळीस वर्षं झाली."

"मग राणीची गोष्ट सांगताना बघायचं कुठं?"

"तानूबायच्या तोंडाकडे."